अडत घेतली, तर पट्टीही द्यावी लागते

‘‘सर, ओटीपी तुम्हीच टाकला होता ना?’’

बँकेच्या कस्टमर केअरच्या मुलीनं हा प्रश्न मला तीनदा विचारला आणि तिन्ही वेळा मी ‘हो’ म्हणालो, कारण ते खरं होतं. मग ती म्हणाली, ‘‘म्हणजे हे फ्रॉडमध्ये येत नाही सर.’’ दुसऱ्या दिवशी तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला.

पैसे मीच दिले, हे मी कधी नाकारलंच नव्हतं. माझ्या कार्डावर कुणी डल्ला मारला नव्हता. ज्यासाठी पैसे दिले ते मिळालं नाही, एवढीच माझी तक्रार होती. बाजार जेवढा जुना, तेवढीच ही तक्रार जुनी. कोल्हापूरच्या कुठल्याही दुकानात ती सांगितली तर दुकानदार एक तर माल देईल, नाही तर पैसे, नाही तर भांडेल. बँकेच्या त्या फोनवर मात्र तिच्यासाठी रकानाच नव्हता.

आधी काय झालं ते सांगतो. माझा मुलगा शिवाजी पेठेत वाढला. पेठेतल्या पोराला फुटबॉल कुणी शिकवावा लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की घरातली निम्मी माणसं जेवण टाकून निघतात, आणि वर्ल्ड कपच्या वर्षी ब्राझील की अर्जेंटिना यावरून सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात. इंग्लंडमधल्या मॅचेस आम्ही दोघं रात्री पुढच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करून बघायचो, आजीची झोप मोडू नये म्हणून. तो एमएस्सीला लीड्सला गेला, गेल्या वर्षी आम्ही नवरा-बायको त्याला भेटायला निघालो, तेव्हा एक मॅच दोघांनी मैदानात बसून बघायची, असं मी मनाशी ठरवलं. त्याला न सांगता. क्लबची स्वतःची तिकिटं फक्त सभासदांना होती आणि तीही संपलेली. शोधताना तिकिटं पुन्हा विकणारं एक संकेतस्थळ सापडलं. त्यावर लाल अक्षरांत ‘फक्त ३ तिकिटं शिल्लक’ असं झळकत होतं आणि वर दहा मिनिटांचं घड्याळ उलटं पळत होतं. छापील ५२ पौंडांचं तिकीट २३० पौंडांना, अशी दोन मी घेतली. ४६० पौंड, म्हणजे त्या दिवशीच्या दरानं ४९,६८० रुपये. वर परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे त्यासाठी बँक लावते तो जादा आकार, आणि त्यावरचा जीएसटी.

मॅचच्या दिवशी दुपारपर्यंत काहीच आलं नाही. मग एक लिंक आली, त्यावर कुणा परक्या माणसाचं नाव. दाराशी मशीनवर लाल दिवा लागला. तिथला माणूस अतिशय नम्रपणे म्हणाला, ही तिकिटं परस्पर विकली गेली म्हणून क्लबनं रद्द केली आहेत. आतून गर्दीचा आवाज येत होता. मुलगा म्हणाला, ‘‘असू दे पप्पा, पहिला गोल होईपर्यंत इथंच थांबूया.’’ आम्ही पहिला हाफ संपेपर्यंत भिंतीबाहेर उभे होतो.

नंतर कळलं की इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट अधिकृत परवानगीशिवाय विकणं हा १९९४ पासून गुन्हा आहे. गर्दीत दोन संघांचे पाठीराखे वेगवेगळे बसावेत, मैदानात कोण कुठं बसलंय हे माहीत असावं, यासाठी तो नियम आला. म्हणजे जी वस्तू त्या देशात अशी विकताच येत नाही, ती मला माझ्या कार्डावर, माझ्या बँकेमार्फत, पक्क्या पावतीनिशी विकली गेली. पावतीवर ‘हमी’ हा शब्दही होता. संकेतस्थळाचं उत्तर दोन ओळींचं: तिकीट पाठवलं होतं, लिंक उघडली गेली होती, आम्ही केवळ मध्यस्थ आहोत.

मला पुढे सगळं बोलायचं आहे ते या ‘मध्यस्थ’ शब्दाबद्दल.

आमचं घर गुळाच्या अडतीतलं, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलाली घेऊन विकून देणारं; त्या दलालीलाच अडत म्हणतात. शाहूपुरीची ही पेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली वसवली. माझे आजोबा आणि वडील दोघंही तिथंच बसले. शेतकरी गुऱ्हाळावरून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, भरून गाडी आणतो. सौदा निघतो, बोली लागते, गुजरातचा कुणी व्यापारी माल उचलतो. शेतकऱ्यानं त्या व्यापाऱ्याचं बऱ्याचदा तोंडही पाहिलेलं नसतं, नाव विचारायचीही त्याला गरज नसते. त्याला पट्टी मिळते ती अडत्याकडून: वजन, दर, हमाली-तोलाई वजा जाता रक्कम. पुढं व्यापाऱ्यानं पैसे थकवले तर ते अडत्याचे थकतात, शेतकऱ्याचे नव्हे. वडिलांचे असे पैसे दोनदा बुडालेले मी पाहिले आहेत. दुसऱ्या वेळी आईचे दागिने गहाण पडले, पण शेतकऱ्याची पट्टी थांबली नाही. त्यात वडिलांना कुणी थोर म्हटलं नाही, कारण ती रीतच होती. अडत घ्यायची ती कशाची? व्यापारी कोण आहे, त्याची पत किती, मागं कुणाकुणाचे थकवलेत, हे अडत्याला माहीत असतं आणि शेतकऱ्याला नसतं. त्या माहितीचे आणि त्या जोखमीचेच ते पैसे.

आता कार्डाच्या व्यवहारात किती अडते आहेत ते मोजा. मला कार्ड देणारी बँक आहे. मध्ये कार्डाचं जाळं चालवणारी कंपनी आहे. पलीकडं विक्रेत्याचं खातं सांभाळणारी त्याची बँक आहे. विक्रेत्याच्या प्रत्येक विक्रीतून हे तिघंही आपापला वाटा कापून घेतात. शिवाय माझ्याकडून मार्कअप, आणि बिल थकलं तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज. वर्षाला तीस टक्क्यांहून जास्त व्याज घेऊ नये, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा आदेश होता. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तोही रद्द केला. या संकेतस्थळाविरुद्ध किती ग्राहकांनी पैसे परत मागितले, हे पलीकडच्या बँकेला आकड्यानिशी ठाऊक असतं. शाहूपुरीतल्या माझ्या टेबलावरून मला ते कळण्याचा मार्ग नाही. अडत तिघांनी घेतली आणि पट्टीची वेळ आली तेव्हा तिघांचंही बोट माझ्या ओटीपीकडं!

नियम अजिबात नाहीत असं नाही. उलट, चोरीच्या बाबतीत आपले नियम चांगले आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानं ठरवलं की, तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कुणी व्यवहार केला आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर एक रुपयाचंही दायित्व नाही. बँकेनं दहा कामकाजी दिवसांत ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची, नव्वद दिवसांत निकाल लावायचा, आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचा भारही बँकेवरच. ऑनलाइन पैसे कापले गेले पण विक्रेत्याकडं ते पोचल्याची नोंदच झाली नाही, तर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांनी सांगितलं की बिलाबद्दल हरकत घेतली तर बँकेनं तीस दिवसांत खुलासा आणि लागतील तिथं कागद द्यावेत. त्याच निर्देशांत असंही आहे की ग्राहकानं ‘फसवणूक’ म्हणून वादात टाकलेल्या व्यवहारावर निकाल लागेपर्यंत आकार लावू नये.

शेवटच्या वाक्यातला ‘फसवणूक’ हा शब्द पाहा. बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ ‘व्यवहार मी केलाच नाही’ एवढा आकसून बसला आहे. मी केला, पण मला लुबाडलं, याला तिथं जागा नाही. म्हणून माझ्या वादातल्या रकमेवर व्याज चढू नये यासाठी मला पन्नास हजार आधी भरावे लागले आणि मग भांडावं लागलं. मला ते शक्य झालं. ज्यानं पोरीच्या लग्नाचं सामान किंवा आईच्या उपचारासाठी विमानाची तिकिटं अशी घेतली असतील, त्याला कदाचित जमणार नाही. तो ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरेल आणि न मिळालेल्या वस्तूवर व्याज फेडत बसेल.

पैसे परत मिळवायचा एक रस्ता आहे. त्याचं नाव चार्जबॅक. तुमची बँक कार्डाच्या जाळ्यामार्फत विक्रेत्याच्या बँकेकडून रक्कम मागं खेचते, आणि सेवा दिली होती हे दाखवायची जबाबदारी विक्रेत्यावर जाते. ‘सेवा मिळाली नाही’, ‘सांगितलं ते दिलं नाही’, ‘रद्द करूनही परतावा दिला नाही’ अशी कारणं त्यासाठी ठरलेली आहेत. मुदत साधारण १२० दिवसांची असते, आणि कार्यक्रमाच्या तिकिटांसाठी ती खरेदीच्या नव्हे तर कार्यक्रमाच्या तारखेपासून धरली जाते. तिकीट सहा महिने आधी काढलं होतं म्हणून मुदत संपली, असं कुणी सांगितलं तर मान हलवून परत येऊ नका.

हे मला सांगितलं एका निवृत्त बँक अधिकाऱ्यानं, महाद्वार रोडवर चहा पिताना. तो म्हणाला, ‘‘तू फ्रॉड हा शब्दच काढू नकोस. सेवा मिळाली नाही, एवढंच लिही, आणि कागद लाव.’’ मी क्लबला ईमेल करून तिकिटं रद्द केल्याचं लेखी घेतलं. लाल दिव्याचा फोटो मुलानं काढलाच होता. संकेतस्थळावरच्या ‘हमी’च्या पानाचा स्क्रीनशॉट, त्यांना केलेली लेखी मागणी, त्यांचं दोन ओळींचं उत्तर, सगळं तारीखवार लावून दिलं. व्हाउचर घ्या आणि विषय मिटवा, असंही त्यांनी मध्येच सुचवलं होतं; मी घेतलं नाही, आणि ते बरं झालं, कारण व्हाउचर स्वीकारलं की भांडायला काही उरत नाही. अकरा आठवड्यांनी मूळ रक्कम खात्यात आली.

तोच व्यवहार, तोच माणूस, तोच ओटीपी. एक शब्द बदलला आणि बंद झालेली तक्रार उघडली. यातून समाधान वाटण्याऐवजी मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. ज्याला महाद्वार रोडवर असा मित्र भेटत नाही त्याचं काय? चार्जबॅक म्हणजे बँकांनी आणि कार्ड कंपन्यांनी आपसांत केलेला करार आहे. त्या करारात ग्राहक कुठंच नाही. बँकेनं मनावर घेतलं तर ती दावा टाकेल, नाही घेतलं तर ‘तुम्हीच ओटीपी टाकलात’ म्हणेल. वाट आहे, पण तिच्यावर आपला हक्क नाही.

हा हक्क कायद्यात लिहिता येतो. दोन देशांनी तो एकाच वर्षी, १९७४ साली लिहिला. अमेरिकेच्या कायद्यात न पोचलेला माल ही बिलातली चूक धरली जाते. ग्राहकानं स्टेटमेंटपासून साठ दिवसांत लेखी कळवायचं, बँकेनं दोन बिलांच्या आत, फार तर नव्वद दिवसांत निकाल द्यायचा, आणि तोवर वादातली रक्कम ग्राहकानं रोखून धरली तरी चालतं. ब्रिटनच्या ग्राहक कर्ज कायद्याचं ७५ वं कलम त्याहून पुढचं आहे. १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीची वस्तू वा सेवा क्रेडिट कार्डावर घेतली आणि विक्रेत्यानं करार मोडला, तर कार्ड देणारी संस्था विक्रेत्याइतकीच जबाबदार. परदेशातल्या खरेदीलाही ते लागू होतं, असं तिथल्या सर्वोच्च पीठानं २००७ मध्ये सांगितलं. अडत्यानं पट्टी द्यायची आणि मग व्यापाऱ्याकडून वसूल करायची, हीच आमच्या पेठेतली रीत लंडनच्या कायद्याच्या पुस्तकात आहे.

त्या कलमातही एक फट आहे, आणि ती नेमकी माझ्यासारख्यांना गिळते. विकणारा आणि घेणारा यांच्यात असं पुनर्विक्रीचं संकेतस्थळ उभं राहिलं की ‘करार कुणाशी झाला’ हा वाद निघतो आणि बँक सुटू शकते. म्हणून आपल्याकडं नियम लिहिताना त्या कलमाची नुसती नक्कल करून भागणार नाही. ज्यानं पैसे घेतले त्याचाच करार धरायचा, पुढं त्यानं माल कुणाकडून आणायचा होता ते त्यानं बघावं, असं स्पष्ट लिहायला हवं.

आपल्या ग्राहक कायद्याला हे अगदीच परकं नाही. २०२० चे ई-कॉमर्स नियम भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे विक्री करणाऱ्या परदेशी संकेतस्थळांनाही लागू आहेत. तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत आणि निवारण महिन्याभरात, असं त्यांत आहे. पळतं घड्याळ आणि ‘फक्त ३ शिल्लक’ यांसारख्या खोट्या घाईला नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी अनुचित ठरवलं आहे. २०१९ च्या कायद्यामुळं मी राहतो त्या कोल्हापूरच्या जिल्हा आयोगातच दावा लावू शकतो, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. पण परदेशातल्या कंपनीला कोल्हापुरात हजर कसं करणार? निकाल लागला तरी वसुली कुठून? तिच्यापर्यंत पोचणारा हात एकच आहे, ज्यातून पैसे गेले तो.

पुनर्विक्रीचा प्रश्न आपल्याकडं गाजला तो सप्टेंबर २०२४ मध्ये, नवी मुंबईतल्या कोल्डप्ले बँडच्या कार्यक्रमांची तिकिटं काही मिनिटांत संपली आणि काही हजारांचं तिकीट दुसऱ्या संकेतस्थळांवर लाखांत दिसू लागलं तेव्हा. पोलिसांत तक्रार झाली, जनहित याचिका झाली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती याचिका फेटाळली. हा धोरणाचा विषय आहे, असं सांगून. रेल्वेच्या तिकिटांचा काळाबाजार १९८९ च्या रेल्वे कायद्यानं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कार्यक्रमांच्या तिकिटांना तसा देशभराचा कायदा नाही. तो व्हावा. पण तो होईपर्यंत, आणि झाल्यावरही, एखाद्याचे पैसे परत मिळवायला गुन्ह्याचा खटला उपयोगी पडत नाही.

‘तू काळ्या बाजारात घेतलंस, मग भोग,’ असं माझ्या सख्ख्या भावानं मला ऐकवलं. चौपट पैसे मोजणं ही माझी चूकच होती, ती मी मान्य केली. पण टॉकीजबाहेर ‘दो का पाच’ म्हणणाऱ्याच्या हातात निदान तिकीट असायचं. ही संकेतस्थळं कित्येकदा हातात नसलेलं तिकीट विकतात: आधी पैसे घ्यायचे, मग स्वस्तात मिळतंय का बघायचं, नाही मिळालं तर गिऱ्हाइकाला झुलवत ठेवायचं. गुळाच्या बाजारात वखारीत नसलेला माल विकला तर त्याला सट्टा म्हणतात. आणि त्या पानावर ‘या देशात ही विक्री बेकायदा आहे’ अशी एक ओळ असती, तर मी पुढं गेलो नसतो.

यापेक्षा खरी अडचण माझ्या चुलतभावानं मांडली. त्याचं चप्पल लाइनला दुकान आहे, तो ऑनलाइनही विकतो. एका गिऱ्हाइकानं कोल्हापुरी चप्पल घेऊन, पार्सल मिळालंच नाही म्हणून कार्डाचा वाद टाकला. याचे पैसे दीड महिना अडकले. कुरिअरच्या सहीचा कागद शोधून दिला तेव्हा सुटले. ‘‘तुझा हक्क वाढला की माझ्यासारख्याचा गळा आवळणार,’’ तो म्हणाला. त्याचं म्हणणं मी टाळू शकत नाही. हक्क हवा तो पुराव्यावर उभा हवा, दोन्ही बाजूंना सारखी मुदत हवी, खोटा दावा टाकणाऱ्याला तो पुन्हा टाकताना विचार करायला लावणारी तरतूद हवी, आणि लहान विक्रेत्याचं म्हणणं ऐकण्याआधी त्याची रक्कम गोठवू नये. पण चुलतभाऊ सुटला तो त्याच्याकडं सही होती म्हणून. माझ्या संकेतस्थळाकडं सही नव्हती, नुसती उघडलेली लिंक होती. पुरावा मागितला की खरा विक्रेता आणि खोटा विक्रेता वेगळे होतात. पुरावाच न मागता ओटीपीवर फाइल बंद केली की दोघंही एकाच पोत्यात जातात.

बँकांचा खर्च वाढेल, कार्डं महागतील, असंही सांगितलं जाईल. वाढू दे थोडा. तो खर्च आजही होतोच आहे, फक्त तो एकेकट्या माणसाच्या माथी पडतो. बँकेवर आला तर ती पलीकडच्या बँकेकडं जाईल, ती विक्रेत्याकडं, आणि ज्याच्या तक्रारी ढीगभर आहेत त्याचं खातंच कुणी उघडणार नाही. पत गेलेल्या व्यापाऱ्याला पेठेत कुठलाच अडता सौद्याला उभा करत नाही, तसं.

रिझर्व्ह बँकेनं हे करायला नवा कायदा येण्याची वाट पाहायची गरज नाही. ‘व्यवहार मीच केला, पण सेवा मिळाली नाही’ ही तक्रार बँकेच्या फोनवर, ॲपवर आणि शाखेत वेगळी नोंदवून घेणं सक्तीचं करावं. कागद लावलेले असतील तर कार्डाच्या जाळ्यानं ठरवलेल्या मुदतीत दावा टाकणं बँकेवर बंधनकारक असावं, आणि न टाकल्यास रक्कम बँकेनं भरावी. निकालापर्यंत व्याज थांबण्याची सवलत ‘फसवणूक’ या एका शब्दात कोंडू नये. आणि सेवा मिळालीच नाही असं ठरलं, तर तिच्यावर घेतलेला मार्कअपही परत यावा.

हे शेवटचं मी स्वतःच्या अनुभवानं लिहितोय. मार्कअपचे १,७३९ रुपये आणि त्यावरच्या जीएसटीचे ३१३, मिळून २,०५२ रुपये बँकेनं परत केलेले नाहीत. ‘सेवा आम्ही दिली होती,’ असं त्यांचं म्हणणं आहे. मी त्यांना लेखी विचारलं, कोणती सेवा? तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडं तक्रार केली. त्याला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही, घरबसल्या ऑनलाइन होते. पोचपावतीचा कागद मी दुकानात, वडिलांच्या जुन्या पट्ट्यांच्या फायलीत लावून ठेवला आहे. मुलगा फोनवर म्हणाला, ‘‘दोन हजारांसाठी कशाला एवढं पप्पा?’’ मी त्याला सांगितलं, तू सुट्टीला आलास की दुकानात ये, तुला एक जुनी पट्टी दाखवतो. तुझ्या आजोबांनी एका शेतकऱ्याला तिच्यावर वजनातल्या चुकीचे बारा आणे परत केलेत, दोन वर्षांनी.